वाटेकडे लागलेले डोळे : टोबीतच्या ग्रंथाचे एक वाचन

टोबीतचा ग्रंथ आपल्या उपासनेत अनोळखी नाही. विवाहाच्या मिस्सेत टोबिया आणि सारा यांनी पहिल्या रात्री केलेल्या प्रार्थनेचे वाचन अनेकांनी ऐकलेले असते. दैनिक मिस्सेच्या द्विवार्षिक वाचनक्रमातही सामान्यकाळाच्या नवव्या आठवड्यासाठी ही कथा नेमलेली आहे. तरीसुद्धा संपूर्ण ग्रंथ एका बैठकीत वाचलेली माणसे धर्मग्रामात विरळाच सापडतात. ग्रंथ अवघ्या चौदा अध्यायांचा; संध्याकाळची रोझरी आटोपल्यावर आणि पाने मांडण्यापूर्वी वाचून संपेल एवढा. तुकड्यातुकड्यांनी ऐकल्यामुळे त्यातला देवदूत आपल्या लक्षात राहतो, मासा लक्षात राहतो. कथेची वीण मात्र हातून निसटते. आणि या ग्रंथाचे सारे सांगणे त्या विणीतच आहे.

प्रॉटेस्टंट परंपरेने हा ग्रंथ प्रमाण मानलेला नाही, त्यामुळे सहासष्ट पुस्तकांच्या मराठी बायबलमध्ये तो सापडत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये त्याचे प्रमाणत्व पुन्हा ठामपणे जाहीर केले. गंमत अशी की मार्टिन ल्यूथरलाही ही कथा मनापासून आवडत होती. युदिथच्या ग्रंथात त्याला शोकांतिका दिसली, तर टोबीतच्या ग्रंथात एक भाविक सुखात्मिका. संत जेरोमने, त्याच्याच सांगण्यानुसार, एका दिवसाच्या श्रमात तिचे लॅटिन भाषांतर उरकले. १९५२ साली मृत समुद्राकाठी कुमरान येथील चौथ्या गुहेत अरामी भाषेतील चार आणि हिब्रू भाषेतील एक अशा पाच हस्तलिखितांचे तुकडे हाती आले. येशूसंघीय पंडित जोसेफ फिट्झमायर यांनी ते संपादून १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रीक भाषेतील दोन पाठांपैकी जो अधिक विस्तृत, त्याला या तुकड्यांनी दुजोरा दिला. प्रस्तुत वाचन त्याच विस्तृत पाठाला धरून आहे. जेरोमच्या पाठाकडे पुढे एकदा वळावे लागेल.

प्रवचनांतून या कथेचा जो उपयोग केला जातो, त्याविषयी प्रथम थोडी तक्रार नोंदवावीशी वाटते. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला देव वाट दाखवतो, हे सांगण्यासाठी टोबीतचे घराणे उदाहरणादाखल उभे केले जाते. विधान खोटे नाही. मात्र टोबीतने भरवसा ठेवला म्हणून देवाने देवदूत धाडला, अशी सरळ बेरीज मांडली की ग्रंथावर अन्याय होतो. कारण या कथेत ज्यांना वाट दाखवली जाते त्यांना, आपल्याला वाट दाखवली जात आहे, याचा पत्ताच नसतो. प्रवास संपतो, वाटाड्याची मजुरी चुकती करण्याची वेळ येते, तेव्हा कुठे गुपित उघड होते. 'देवाने वाट दाखवली' हे वाक्य आपण नेहमी भूतकाळात उच्चारतो. वाटेवर असताना ते कोणाच्या तोंडी येत नाही. भूतकाळातले हे वाक्य आणि वर्तमानकाळातला अंधार यांच्यामधल्या अंतरावरच ग्रंथकाराने आपली कथा उभी केली आहे, असे मला वाटते.

कथेचा प्रारंभ मुळी प्रवासाने होत नाही. तो होतो मरणाच्या इच्छेने, आणि तीही दोन घरांत एकाच वेळी. निनवे नगरीत बंदिवान होऊन आलेला टोबीत हा नफताली वंशाचा नेमस्त, दानशूर माणूस. सन्हेरीब राजाने मारून टाकलेल्या आपल्या बांधवांची प्रेते तो लपूनछपून पुरतो. त्यापायी एकदा मालमत्ता जप्त होते, पळून जावे लागते. पुतण्या अहिकार याच्या रदबदलीने तो घरी परततो. पुढे पन्नासाव्या दिवसाच्या सणाला जेवण वाढलेले असताना चौकात एक मृतदेह पडल्याची बातमी येते. तो ताटावरून उठतो आणि सूर्यास्तानंतर त्या अनामिकाला मूठमाती देतो. त्या रात्री उकाड्यामुळे अंगणातल्या भिंतीशी तो तोंड उघडे ठेवून झोपतो. चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडते. वैद्यांच्या लेपांनी दुखणे वाढत जाते आणि दृष्टी जाते. पुण्यकर्म आणि आपत्ती यांच्यातले अंतर इथे एका रात्रीचे आहे, आणि आपत्तीचे कारण इतके क्षुल्लक आहे की त्याला दैवी कोप म्हणण्याचीही सोय नाही. हा विनोद कडवट आहे, पण तो विनोदच आहे. ल्यूथरला सुखात्मिका दिसली ती उगीच नव्हे.

मग येतो शेळीच्या करडाचा प्रसंग. घरातला पुरुष आंधळा झाल्यावर अ‍ॅना विणकाम करून संसार चालवू लागते. एक दिवस मालक खूश होऊन मजुरीवर एक करडू देतात. घरात ते ओरडते आणि टोबीत विचारतो, हे कुठून आणले? चोरीचे तर नाही ना? ती समजावते, तो ऐकत नाही. तेव्हा ती संतापून विचारते, तुमचा दानधर्म आता कुठे गेला? संपूर्ण ग्रंथातले हे सर्वांत खरे भांडण आहे. नेमस्तपणाचा अहंकार कसा असतो हे ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे, त्यांना त्यावर भाष्य नको. टोबीत बाहेर जातो आणि देवाकडे मरण मागतो.

त्याच दिवशी मेदियातील एकबताना नगरीत रागुएलची मुलगी सारा हिला घरची दासी टोमणा मारते: सात नवरे केले, सातही पहिल्या रात्रीच मेले. अस्मोदेउस नावाच्या दुष्टात्म्याचे ते कृत्य. पण लोकांच्या दृष्टीने खापर साराच्या माथी. ती गळफास घ्यायला निघते. बापाच्या पिकल्या केसांना बट्टा लागेल म्हणून थांबते आणि खिडकीशी हात पसरून तीही मरणच मागते. दोघांच्या प्रार्थना एकाच क्षणी ऐकल्या जातात. इथे ग्रंथकाराने एक लहानसा तपशील नोंदवला आहे: टोबीत अंगणातून घरात आला त्याच वेळी सारा माडीवरून खाली उतरली. शेकडो मैलांच्या अंतरावरची ही दोन माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यांची पावले एका तालावर पडतात. तो ताल फक्त वाचकाला ऐकू येतो.

राफाएलला धाडल्याची वार्ता ग्रंथकार तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीसच देऊन टाकतो. कथनाच्या दृष्टीने हा धाडसी निर्णय आहे. पुढचा प्रत्येक प्रसंग आपण दोन डोळ्यांनी पाहतो: एका डोळ्याला देवदूत दिसतो, दुसऱ्याला भाड्याने घेतलेला एक तरुण. उत्कंठा ग्रंथकाराने हातची घालवली, असे कोणी म्हणेल. घालवली खरी, पण तिच्या बदल्यात त्याने जे मिळवले ते अधिक मोलाचे आहे. कथेतील माणसांच्या अज्ञानाकडे आपण काहीशा वडीलकीने पाहू लागतो आणि मग हळूच ध्यानात येते की आपल्या स्वतःच्या आयुष्यात आपण त्यांच्याच जागी आहोत. तिथे तिसरा अध्याय वाचायला मिळत नाही.

मरणाची प्रार्थना करून घरात परतलेल्या टोबीतला पैशांची आठवण होते. वीस वर्षांपूर्वी मेदियातल्या रागेस गावी गाबाएलकडे त्याने दहा तालांत चांदी ठेव म्हणून ठेवली होती. आता मरायचेच आहे, तर मुलाला सांगून ठेवावे. दिव्य प्रवासाचे हे कारण किती व्यावहारिक आहे पाहा! टोबियाला ना स्वप्न पडते ना हाक ऐकू येते. वसुलीला जायचे आहे, रस्ता ठाऊक नाही, सोबतीला माहीतगार माणूस हवा, एवढेच. तो घराबाहेर पडतो आणि समोर राफाएल उभा असतो.

यानंतरची बोलणी वाचताना हसू आवरत नाही. आंधळा टोबीत देवदूताची उलटतपासणी घेतो: कुठल्या कुळातला, कोणाचा मुलगा? देवदूत जरा कुरकुरतो, तुम्हाला गडी हवा की त्याचे कूळ? अखेर तो आपण हनन्याचा मुलगा अजऱ्या असल्याचे सांगतो. देवदूत खोटे कसे बोलतो, हा प्रश्न कोणाही सरळमार्गी वाचकाला पडेल. अजऱ्या या नावाचा अर्थ 'परमेश्वराने साहाय्य केले' असा आहे. म्हणजे नाव खोटे असले तरी अर्थ खरा. हे उत्तर मला पूर्णपणे समाधानकारक वाटत नाही, पण ग्रंथकाराला त्याची फिकीर दिसत नाही. त्याला या लपंडावात रस आहे. मग रोजचा एक द्राख्मा आणि वाटखर्च असा दर ठरतो, काम चोख झाले तर वर बक्षीस. ईश्वरी मार्गदर्शन रोजंदारीवर ठरते! भरवसा म्हणजे चौकशी न करणे, अशी समजूत असणाऱ्यांनी हा पाचवा अध्याय अवश्य वाचावा. टोबीत कूळ विचारतो, दर ठरवतो, ठेवीच्या कागदाचा अर्धा तुकडा जपून ठेवलेला असतो. या सगळ्या सावधगिरीमुळे देवदूताच्या कामात कुठेच अडथळा येत नाही.

आणि निघण्याच्या क्षणी अ‍ॅना रडू लागते. मुलाला का पाठवता? तो आपल्या हातातली काठी आहे. पैशावर पैसा कशाला हवा? देवाने जेवढे दिले तेवढ्यात भागत होते. प्रवचनांत अ‍ॅनाला बहुधा 'अल्पविश्वासी' म्हणून बाजूला सारले जाते आणि टोबीतच्या उत्तराचे कौतुक होते. टोबीत म्हणतो, काळजी करू नकोस, एक चांगला देवदूत त्याच्याबरोबर जाईल. हा आशीर्वाद प्रत्येक घरात म्हातारी माणसे निघणाऱ्याला देतात, सवयीने, दारात उभे राहून. तो अक्षरशः खरा आहे, देवदूत चार हातांवर उभा आहे, आणि हे उच्चारणाऱ्याला त्याचा गंधही नाही. ग्रंथातील हा अत्युच्च क्षण आहे यात शंका नाही. परंतु टोबीतचे वाक्य खरे ठरल्याने अ‍ॅनाचा प्रश्न खोटा ठरतो काय? तिचा प्रश्न देवदूत आहे की नाही, असा नव्हताच. पोरगा मोलाचा की पैसा, असा होता. कथा याचे उत्तर देत नाही. उलट पुढे ती अ‍ॅनाच्याच बाजूने झुकते, ते कसे, ते पाहू.

आपल्या धर्मग्रामांतल्या घरांना हा अध्याय परका वाटू नये. मुलगा जहाजावर, मुलगी आखातात परिचारिका, धाकटा कॅनडाच्या खटपटीत, अशी घरे आपल्या आजूबाजूला आहेत. विमानतळावर निघण्यापूर्वी वेदीपुढे मेणबत्ती लावली जाते, कपाळावर क्रूस केला जातो आणि टोबीतचेच वाक्य उच्चारले जाते. अ‍ॅनाचे वाक्यही मनात असते; ते सहसा उच्चारले जात नाही.

प्रवासाचा भूगोल ग्रंथकाराने बेफिकिरीने रंगवला आहे. निनवे तिग्रिस नदीच्या पूर्व तीरावर. तिचे अवशेष आजच्या मोसुल शहरासमोर आहेत. तिथून पूर्वेला मेदियाकडे निघालेल्याला पहिल्याच मुक्कामाला तिग्रिस लागायचे कारण नाही. एकबताना म्हणजे आजचे हमदान आणि रागेस म्हणजे तेहरानजवळचे रेय. दोहोंमध्ये सुमारे तीनशे किलोमीटरांचे अंतर, ते कथेत दोन दिवसांत कापले जाते. पंडितांनी यावरून कथा बोधपर आहे, इतिहास नव्हे, असा निष्कर्ष काढला आहे आणि तो मान्य करण्यात कॅथलिक वाचकाला अडचण वाटू नये. नकाशाला इथे फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते नदीला, कारण तिच्यात मासा आहे.

तो मासा टोबियाचा पाय गिळायला झेप घेतो. देवदूत काय करतो? सांगतो, धर त्याला. मासा टोबियाच पकडतो, टोबियाच काठावर ओढून आणतो, टोबियाच कापतो. राफाएल एक बोटही लावत नाही. पित्त, काळीज आणि यकृत जपून ठेव, एवढे मात्र तो बजावतो. जे गिळायला आले त्याच्याच पोटात पुढचे औषध होते, हे त्या रात्री टोबियाला ठाऊक नसते. वाटाड्याचे खरे काम काय, याविषयी ग्रंथकाराची कल्पना इथे स्पष्ट होते.

चित्रकारांना हा प्रवास फार आवडला. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये व्हेरोक्योच्या कार्यशाळेत रंगवलेले एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे: हातात हात घालून निघालेले दोघे, टोबियाच्या हाती मासा, पायाशी कुत्रा. चित्र देखणे आहे, पण त्यात देवदूताला पंख आहेत. चित्रकाराचा नाइलाज, पंख नसते तर बघणाऱ्याने त्याला ओळखले नसते. मात्र पंख आले की कथा निम्मी विझते, कारण टोबियाला पंख दिसले नव्हते. आपल्या प्रवचनांतही असेच पंख आधी रंगवले जातात. कार्डिनल न्यूमन यांनी १८३३ साली सिसिलीतील जीवघेण्या तापातून उठल्यावर, वारा पडल्याने समुद्रात अडकलेल्या जहाजावर एक प्रार्थनाकाव्य लिहिले. अंधारात वाट दाखवणाऱ्या प्रकाशाला उद्देशून केलेली ती विनवणी पुढे जगभर गायली गेली. २०१९ मध्ये न्यूमन यांना संतपद मिळाले. पण न्यूमनना निदान आपण कोणाकडे मागतो आहोत हे ठाऊक होते. टोबियाने तर काही मागितलेही नव्हते. त्याने फक्त गडी ठरवला होता.

एकबताना जवळ आल्यावर राफाएल साराचा विषय काढतो आणि टोबिया घाबरतो. सात जणांची गोष्ट त्याच्या कानावर आलेली आहे. मी एकुलता एक, मी मेलो तर आईबापांना कोण पुरणार, हा त्याचा सवाल आहे. ग्रंथकाराने या भीतीची टवाळी केलेली नाही. उलट रागुएलच्या घरातही सगळे घाबरलेलेच आहेत. लग्न लागते, एडना मुलीची खोली सजवताना रडते, आणि मध्यरात्री सासरा उठून जावयासाठी खड्डा खणतो! भल्या पहाटे लोकांना कळण्यापूर्वी पुरून टाकता यावे, म्हणून. दासी दिवा घेऊन आत डोकावते, दोघे गाढ झोपलेले. मग तोच खड्डा उजाडण्यापूर्वी बुजवण्याची धांदल. लग्नघरात खणलेली ही कबर मला या ग्रंथातील सर्वांत मोठी प्रतिमा वाटते. आत दोन जीव प्रार्थना करून निर्धास्त निजले आहेत, आणि बाहेर त्यांच्या हिताचीच चिंता करणारा म्हातारा फावडे मारतो आहे. रागुएल दुष्ट नाही, अश्रद्धही नाही. तो अनुभवी आहे. सात वेळा पोळलेल्या माणसाने आठव्या वेळी काय करावे? त्याचा अनुभव चुकला, एवढेच.

इथे एक अडचण नोंदवल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवदूत आठव्यासाठी आला. आधीच्या सातांचे काय? त्यांनाही आया असतील, त्याही वाटेकडे डोळे लावून बसल्या असतील. ग्रंथकार त्यांची नावेही सांगत नाही. लोककथेचा साचा त्याने उचलला आणि त्या साच्यात सात हा आकडा लागतो, इतके स्पष्टीकरण साहित्याच्या अभ्यासकाला पुरेल. श्रद्धाळू वाचकाला ते पुरणार नाही. माझ्या मते हा कथेतील उणा भाग आहे, आणि तो भक्तीच्या भाषेत झाकून टाकण्यापेक्षा उघडा ठेवलेला बरा. ज्या घरचा मुलगा परतला नाही त्या घरात टोबीतचा ग्रंथ वाचायचा असेल, तर वाचणाऱ्याला ही उणीव ठाऊक असलीच पाहिजे.

मग पैसे? ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते पैसे आणायला टोबिया जातच नाही. चौदा दिवसांच्या लग्नसोहळ्यात तो अडकतो आणि रागेसला देवदूतच चार नोकर व दोन उंट घेऊन जाऊन येतो. प्रवासाचा मूळ हेतू ग्रंथकार चार ओळींत उरकतो, नायकाच्या गैरहजेरीत. टोबियाने रागेस कधी पाहिलेच नाही. ज्या गावाला म्हणून निघालो ते गाव राहूनच गेले, आणि वाटेतल्या मुक्कामालाच आयुष्य लाभले. इतक्या हळुवारपणे हे सांगून टाकले आहे की घाईने वाचणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

इकडे निनवेत दिवस मोजले जात आहेत. मुदत टळून गेली. टोबीतच्या मनात शंका येते, गाबाएल मेला तर नसेल? अ‍ॅना सरळच म्हणते, माझे लेकरू गेले. टोबीत पुन्हा तिची समजूत घालतो: गप्प राहा, तो सुखरूप आहे. पाचव्या अध्यायात याच समजुतीने तिचे रडणे थांबले होते. दहाव्या अध्यायात ती उलटते, तुम्हीच गप्प राहा, मला फसवू नका. तेच सांत्वन पहिल्यांदा लागू पडले, दुसऱ्यांदा पडले नाही. आणि वाक्य मात्र दोन्ही वेळा सारखेच खरे आहे. ग्रंथकाराची मानवी मनाची जाण इथे कसाला लागते आणि उतरते. ती रोज उठून ज्या वाटेने मुलगा गेला तिकडे पाहत बसते, जेवत नाही, रात्रभर रडते. विश्वास उडाल्याचे तोंडाने सांगते आणि वाटेवरची नजर काढत नाही. या बाईला अल्पविश्वासी म्हणताना आपण जरा थांबावे.

कारण मुलगा येताना प्रथम दिसतो तो तिलाच. टोबीतला दृष्टी नाही, हे उघड कारण झाले. पण ज्याची वाक्ये सारी खरी ठरली त्याला कोणी तरी सांगावे लागले, आणि जिने आशा सोडल्याचे जाहीर केले होते ती वाटेकडे पाहत होती, अशी ही रचना आहे. मागून कुत्राही येतो. जुन्या करारात कुत्र्याला एरवी मानाचे स्थान नाही. इथे तो निघताना एकदा आणि परतताना एकदा दिसतो, मधल्या साऱ्या अद्भुतात त्याला काही काम नाही. जेरोमच्या पाठात तर तो शेपूट हलवत पुढे धावतो.

जेरोमच्या पाठाचा उल्लेख आला म्हणून सांगितले पाहिजे की त्या पाठाने आपल्या परंपरेला कुत्र्याच्या शेपटीबरोबर आणखीही काही दिले. टोबीतच्या अंधत्वापाशी त्यात ईयोबाशी तुलना येते आणि पुढील पिढ्यांना सहनशीलतेचा धडा मिळावा म्हणून देवाने ही परीक्षा येऊ दिली, असे स्पष्टीकरणही येते. विस्तृत ग्रीक पाठात हे नाही. शतकानुशतके लॅटिन पाठच वाचला गेल्यामुळे करडावरून बायकोशी भांडणारा, मरण मागणारा, दिवस मोजणारा टोबीत मागे पडला आणि सहनशीलतेचा पुतळा पुढे आला. आजची आपली प्रवचने नकळत त्याच पुतळ्याला हार घालतात. या बाबतीत रेम्ब्रांट अधिक चांगला वाचक होता. प्रॉटेस्टंट देशात राहून त्याने ही कथा पुन्हा पुन्हा रेखाटली. १६५१ मधील त्याच्या एका कोरीव चित्रात देवदूत नाही, टोबियाही नाही. मुलगा आल्याची चाहूल लागलेला आंधळा म्हातारा हात पुढे करून दाराकडे निघाला आहे आणि दार चुकतो आहे. चरखा कलंडला आहे, कुत्रा पायात घोटाळतो आहे. सगळे शुभ दाराबाहेर येऊन ठेपले आहे आणि म्हातारा भिंत चाचपतो आहे.

पित्ताचा लेप लागतो, पांढरा पापुद्रा सोलून निघतो, दृष्टी येते. बाप-लेक मिळून गड्याला आणलेल्या धनाचा अर्धा वाटा देऊ करतात, तेव्हा राफाएल त्यांना बाजूला घेऊन आपण कोण हे सांगतो. तू जेवण टाकून मृताला पुरायला उठलास तेव्हाही मी होतो, असे तो टोबीतला म्हणतो. म्हणजे वाटाडेपण दाराशी भेट झाली तेव्हा सुरू झालेले नव्हते. अंधत्व येण्यापूर्वीपासून ते चालू होते. आणि मी तुमच्यासोबत खाताना दिसलो, पण खात नव्हतो, हेही तो सांगतो. दोघे जमिनीवर पालथे पडतात. उठतात तो कोणी नाही. घडलेले सारे लिहून ठेवा, अशी आज्ञा तेवढी मागे राहते.

पूर्वी २४ ऑक्टोबरला संत राफाएलचा वेगळा सण असे; १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेपासून तो मिखाएल व गाब्रिएल यांच्यासमवेत २९ सप्टेंबरला साजरा होतो. त्या दिवशी प्रवाशांसाठी प्रार्थना करताना ग्रंथाचा शेवटचा अध्याय सहसा कोणी उघडत नाही, कारण त्यात देवदूत नाही. पण प्रवास आहे. मरणापूर्वी टोबीतने मुलाला सांगून ठेवले होते की आईला माझ्या शेजारी पूर आणि त्यानंतर या नगरीत एक रात्रही काढू नकोस. निनवेचा नाश ठरलेला आहे. यथावकाश अ‍ॅना वारते. टोबिया तिला बापाशेजारी पुरतो आणि बायकोला घेऊन मेदियाच्या वाटेला लागतो. या खेपेला दाराशी कोणी तरुण उभा नाही, मजुरी ठरत नाही, कुत्र्याचाही उल्लेख नाही. निघताना रडणारी आई नाही. नदी लागली की नाही, मुक्काम किती झाले, ग्रंथकार काहीच सांगत नाही. एका वाक्यात तो एकबतानाला पोहोचतो आणि म्हाताऱ्या सासूसासऱ्यांच्या घरी राहू लागतो. रस्ता आता त्याच्या पायाखालचा होता.